देवबुडीच्या डोहातलं नख

मांजरा नदीतला देवबुडीचा डोह आटल्याची बातमी नांदेडात पोहोचली, तेव्हा पंचशीला आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन दातांपुढे कपाळाला हात लावून बसली होती. दात माणसाचे नव्हते. माणसाच्या दातांपायी कुणी अशी वर्षंच्या वर्षं घालवत नाही, दंतवैद्यसुद्धा नाही. हे दात होते कधीच्या काळी मरून दगड झालेल्या एका जनावराचे, जबड्याच्या तुटक्या तुकड्यात घट्ट रुतून बसलेले, आणि ते जनावर कोणत्या कुळातलं हे ठरण्यावर पंचशीलाची पीएच.डी. अडून होती.

तिचं म्हणणं असं, की हे जनावर घोड्या-गेंड्यांच्या लांबच्या भाऊबंदांपैकी. गोत खुरवाल्यांचं, पण पायाला खूर नाही. पुढच्या पायांना मोठाली वाकडी नखं, त्यांनी फांद्या ओढायच्या आणि पाला खायचा. असं एक आख्खं कुळ पृथ्वीवर नांदून गेलं आणि त्यातलं एकही जनावर आज शिल्लक नाही. त्याचं शास्त्रीय नाव घेताना जिभेला गाठ पडते, म्हणून पंचशीला आपल्यापुरतं त्याला नखवालं कुळ म्हणायची. या कुळानं थोरामोठ्या पंडितांनाही चांगलं बनवलं होतं. विलायतेत पहिल्यांदा त्याचे दात सापडले ते विद्वानांनी खुरवाल्यांच्या कप्प्यात टाकले, आणि नखं सापडली ती खवल्या मांजराच्या कप्प्यात. एकाच जनावराचं तोंड एका घरात नि पाय दुसऱ्या घरात, असा संसार बरीच वर्षं सुखानं चालला. पुढे कुठेतरी दात आणि नखं एकाच जागी मिळाली, तेव्हा कुठे सगळ्यांनी तोंडात बोटं घातली.

तिचे मार्गदर्शक ईश्वरप्पा सर हे सगळं तिच्याहून जास्त जाणून होते. माणूस वाईट नव्हता, पण भारी सावध. मागे घ्यावं लागेल असं एकही विधान त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि त्यापायी फारशी विधानंच केली नव्हती.

"दात झिजलेत, पंचशीला. बाहेरची भिंत फुटलीय," ते म्हणायचे. "एवढ्यावर मी गेंड्याचं कुळ म्हणेन आणि सही करेन. तुला दुसरं कुळ म्हणायचं असेल तर पाय आण. निदान एक नख आण. मांजरेच्या खोऱ्यात हे जनावर होतं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. तू म्हणणार, आणि उद्या ते खोटं ठरलं तर लोक तुझ्याकडे बघणार. कसे बघतील, ते मी सांगायला पाहिजे का?"

सांगायची गरज नव्हती. बौद्धवाड्यातली पोर दगड फोडण्यात पीएच.डी. करते आहे, हा विनोद कॉलेजच्या व्हरांड्यात तिच्या पाठीमागे आणि कधीकधी तोंडावरही होऊन गेला होता. मुदत उन्हाळ्याअखेर संपत होती. पुढे मुदतवाढ नाही, नोंदणीच रद्द. गेंडा असं लिहून टाकलं तर पदवी पदरात पडत होती. पण ते जनावर गेंडा नव्हतं. हे तिला इतकं पक्कं ठाऊक होतं, की गेंडा हा शब्द कागदावर आला की ती तो खोडून टाकायची.

आता या सगळ्यात डोह कुठून आला ते सांगायला हवं.

पंचशीलाचे वडील रामकिशन. ती त्यांना दादा म्हणे. मूळचे निलंग्याकडच्या, मांजरेच्या काठच्या एका गावचे. रेल्वेत गँगमन म्हणून नांदेडला लागले आणि गाव सुटलं ते सुटलंच. गावाचा विषय निघाला की दादांचं एकच बोलणं ठरलेलं: "बापाच्या टायमाला गाव बिदरात व्हतं, म्या निघालो तवा उस्मानाबादेत, आता लातूर जिल्हा झाला तं लातुरात. बसल्या जागी जिल्हे हिंडून राहिलं. आमच्या गल्लीला रस्ता मात्र कोण्याच जिल्ह्यानं दिला न्हाई."

छप्पन साली धम्म घेतला तेव्हा बौद्धवाड्यातल्या घराघरांतले देव एका मोठ्या टोपलीत गोळा झाले. टाक, मुखवटे, शेंदूर फासलेले धोंडे. टोपलीला एका बाजूनं रामकिशननं हात घातला, दुसऱ्या बाजूनं त्याच्या दोस्तानं, केरबानं, आणि दोघांनी भर दुपारी गावादेखत ती नेऊन डोहात पालथी केली. त्या डोहाचा तळ कुणी पाहिलेला नव्हता. काठावर जमलेल्यांतून कुणीतरी ओरडलं, हेच देव एक दिवस तुम्हाला शोधत फिरायला लावतील. रामकिशन तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. तो छाती काढून म्हणाला, "माझ्या घरचं माणूस ह्या डोहाकडं देव हुडकत येणार न्हाई." ते वाक्य गावात टिकलं. बौद्धवाड्यात ते अभिमानानं सांगत, बाकीच्या गावात दात खाऊन. डोहाला देवबुडीचा डोह हे नाव तेव्हापासूनचं.

त्या टोपलीत रामकिशनच्या घरची वाघाईही होती. पंचशीलाच्या आईनं, सरजाबाईनं, सासूच्या हाताखाली तिला कितीदा तेल-शेंदूर लावलेला. पुढे नांदेडला भाकरी थापता थापता, नवरा घरात नाही असं बघून, ती पोरीला सांगायची, "काळीभोर व्हती बग. हातात घ्यावी तं लोखंडावानी जड. वाघाच्या नखावानी वाकडी, पर केवढी थोर! आन् टोकाला मधोमध चिरलेली. एक पितळेचा डोळा आत्यानं, तुज्या आजीनं, बसवलेला." सांगताना तिचा आवाज आपोआप बारीक व्हायचा. देव सोडल्याचं तिला दुःख नव्हतं. तरी हातांना सवय असते.

आई जाऊन काही महिने झाल्यावर एका जाड पुस्तकात पंचशीलानं नखवाल्या कुळाच्या पायाचं चित्र पाहिलं. नखाचं हाड. वाकडं, आणि टोकाला मधोमध खोल चिरलेलं. अशी चीर ही या कुळाची खूण, असं खाली लिहिलं होतं. तिला आईची काळीभोर वाघाई आठवली. तिला जबडा सापडला होता तो त्याच गावापासून कोसभर वर, नदीच्या दरडीत. म्हणजे आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या पुजलेली देवी हा तिच्या दोन दातांचा हरवलेला पाय होता, आणि तो तिच्या बापानं स्वतःच्या हातानं पाण्यात टाकला होता. पाणी होतं तोवर हे कळून न कळल्यासारखंच होतं. आता दुष्काळानं पाणी नेलं.

तिनं दादांना लातूरला मैत्रिणीकडे जाते असं सांगितलं. आयुष्यात ती त्यांच्याशी फारसं खोटं बोललेली नव्हती, त्यामुळे धड बोलताही आलं नाही. दादा म्हणाले, "जा की." ती एसटीत बसली.

लातुरात नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग अजून ताजा होता आणि कचेऱ्यांपुढे टँकर मागायला आलेल्या गावांची गर्दी होती. तिथून दुसरी गाडी धरून ती गावी पोहोचली आणि थेट नदीवर गेली. डोहात पाण्याचा टिपूस नव्हता, पण माणसांची जत्रा होती. रोजगार हमीचं काम लागलं होतं. तळाला विहीर खणायची म्हणून आधी गाळ उपसत होते. बायका रांगेनं घमेली डोक्यावर घेऊन दरड चढत होत्या आणि तो गाळ आसपासच्या शेतांत पसरला जात होता. तिचं नख यातल्या कुठल्याही घमेल्यातून गेलेलं असू शकत होतं. एखाद्या नांगराखाली त्याचे तुकडेही झालेले असतील.

सरपंच शेषेराव छत्री उघडून काठावर उभे होते. आपण कॉलेजातल्या, जुने दगड बघायचे आहेत, असं तिनं सांगून पाहिलं. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हितं मान्सांच्या नरड्याला पानी न्हाई आन् तुला दगड बघायचेत? काम थांबनार न्हाई. घमेलं उचल, आन् उचलता उचलता काय बघायचं ते बघ."

ते थट्टेनं म्हणाले असावेत. पंचशीलानं पदर खोचला आणि घमेलं उचललं.

मग उन्हाची तलखी, गाळाचा कुबट वास आणि ती. भरलेल्या प्रत्येक घमेल्यात ती हात घालून चाचपायची, ढेकळं फोडायची. मागच्या बाया करवादायच्या. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. तिच्या पुढे कस्तुराबाई नावाची म्हातारी असे, शेतकऱ्याच्या घरची. बरी शेतीवाडी असलेल्या घरांतल्या बायकांनाही त्या साली घमेली उचलावी लागली होती. म्हातारीनं पहिल्याच दिवशी तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं होतं.

"तू रामकिशनची का गं? नाक त्येचंच हाय."

"हाव, मावशी."

"बाप बरा हाय?"

"बरा हाय."

"तुज्या बापानं देव बुडवले, बाई," म्हातारी रागानं नाही, दुखणं सांगावं तसं म्हणाली. "आता सालोसाल पाऊस फिरकना."

आणि झालं असं की गाळातून देव निघू लागले. आधी एक टाक, मग मुखवट्याचं नाक, मग शेंदराची पुटं चढलेला धोंडा. माणसं कामं टाकून धावायची. निघालेले देव बाभळीच्या बुडाशी ओळीनं मांडले गेले, त्यांच्यापुढे उदबत्त्या लागल्या. देव आपल्या पायांनी वर येऊन राहिले, आता पाऊस येणार, अशी गावात बोलवा झाली. प्रत्येक आरडाओरड्याला पंचशीला घमेलं खाली टाकायची. ती धावत जाऊन बघायची, आणि धोंडा निघालेला पाहून हताश होऊन परत फिरायची. बघणाऱ्यांना वाटे, पोर देवासाठी धावते. तिला ते कळत होतं. समजूत काढत बसायला तिच्याकडे वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर काढावीशीही वाटली नाही.

गाळ संपत आला. खाली कंकराचा थर दिसायला लागला. आपण हरलो हे तिनं जवळजवळ कबूल केलं होतं, आणि त्याच सकाळी दरडीच्या सांदीत तिच्या बोटांना काहीतरी लागलं. जड, वाकडं. तिनं अंगठ्यानं टोक चाचपलं. मधोमध चीर होती.

"सापडलं!"

तिनं ओरडायला नको होतं. गुपचूप ओच्यात घालून दरड चढायची, एवढं साधं काम होतं. पण इतक्या दिवसांचा जीव कोंडलेला, तो त्या एका शब्दात सुटला. बाया गोळा झाल्या. कस्तुराबाईनं तिच्या हाताकडे पाहिलं, शेंदराच्या खपल्यांत अडकलेला पितळेचा डोळा पाहिला आणि ती तिथंच गाळात आडवी झाली.

"वाघाई! माय माजी, आलीस गं!"

घटकाभरात अर्धं गाव डोहात उतरलं. कुणीतरी ती वस्तू तिच्या हातातून काढून घेतली, धुतलेल्या लुगड्याच्या धडप्यावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं.

"हे हाड आहे," पंचशीला ओरडून सांगत होती. "ऐका ना! एका जनावराच्या पायाचं हाड आहे हे!"

"असंल की," कस्तुराबाई डोळे पुसत म्हणाली. "आमच्या खंडोबाचा घोडा बी जनावरच हाय."

याच्यावर विद्यापीठात कुठे उत्तर शिकवत नाहीत. शेषेराव पुढे झाले. डोहाच्या काठावर देवीला ओटा बांधायचा, असं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. पंचशीलाला रडू फुटलं. ती हात जोडून म्हणाली, काका, माझं सगळं शिक्षण यावर आहे, हे मला द्या. ती अशी रडायला लागली तशी कस्तुराबाईच मधे पडली. बुडवलेला देव परत निघाला तर तो बुडवणाऱ्याच्या घरचा, ही गावची जुनी रीत तिनं बोलून दाखवली. घरधन्यानं चारचौघांत माझा म्हणायचं, पाया पडायचं आणि न्यायचं. तो नको म्हणाला तरच देव गावाचा.

शेषेरावांनी छत्री मिटली. मग त्यांच्या ओठांवर हसू आलं.

"बराबर हाय. रीत ती रीत. आन जा तुज्या बापाला. त्येनं म्हनावं, माजी देवी. डोकं टेकवावं आन् घेऊन जावं. आमी आडवं येनार न्हाई."

दोन बायका देवीपाशी बसवून ठेवल्या. पंचशीला नांदेडला निघाली. सगळ्या वाटेत तिनं दुसरा काही मार्ग आहे का ते शोधून पाहिलं, आणि नव्हता.

दादा ओसरीवर बसले होते. "मैत्रीण बरी हाय का?" त्यांनी विचारलं, आणि तिचा हात ओढून तळवा उलटा केला. "घमेल्याचे फोड मला कळत न्हाईत व्हय? जिंदगी रुळावर गेली माझी. बोल."

तिनं सगळं सांगितलं. आईनं सांगितलेली वाघाई, पुस्तकातलं चित्र, डोह, शेषेरावांची अट. दादा खाली मान घालून ऐकत होते. अटीपाशी आल्यावर तिचा आवाज इतका पडला की तिला ते वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

"दुसरीकडं कुठं मिळंल का असलं हाड?" दादांनी विचारलं.

"न्हाई."

"त्याच्याबिगर काय व्हतंय?"

"गेंडा म्हणून लिहावं लागंल."

"आन् गेंडा न्हाई त्यो."

"न्हाई, दादा."

"मग लबाड कामून लिहायचं?" ते उठले. आत जाऊन धुतलेलं धोतर नेसून आले आणि चपला घालत म्हणाले, "चल."

येऊ नका असं म्हणावं, हे पंचशीलाच्या मनात आलं. पण आलं आणि गेलं. ती त्यांच्या मागोमाग चालू लागली.

डोहात त्या दिवशी काम बंद होतं आणि माणसं मात्र रोजच्याहून जास्त होती. काठावर एका अंगाला बौद्धवाड्यातली माणसं उभी होती. पुढे केरबा, काठीवर दोन्ही हात ठेवून. दादा दरड उतरले तेव्हा केरबानं विचारलं, "रामकिशन, लोक काय बोलून राहिलेत ते खोटं हाय ना?" दादा त्याच्याकडे न बघता पुढे गेले.

धडप्यावर ते नख ठेवलेलं होतं. आता त्यावर ताजा शेंदूरही चढला होता.

"वळखलंस का?" शेषेरावांनी विचारलं.

"वळखलं."

"कुनाची?"

दादा खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्या घरची."

"आमास्नी ऐकू आलं न्हाई."

"माझ्या घरची हाय!" दादा इतक्या जोरात ओरडले की कस्तुराबाई दचकली.

"मग पाया पड आन् घेऊन जा. रीत तुला ठाव हाय."

दादांनी डोक्याचा रुमाल काढला. इकडेतिकडे पाहिलं, केरबाकडे पाहिलं, मग पंचशीलाकडे पाहिलं. मग ते वाकायला लागले. आधी एक हात गाळावर टेकला. मग एक गुडघा. तिथं ते थांबले. पंचशीला त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. राहू द्या दादा, चला घरी, एवढे शब्द तिच्या ओठांवर आले होते. समोर, शेंदराखालून, नखाचं चिरलेलं टोक दिसत होतं. आत्ता संपेल, तिनं स्वतःला सांगितलं, आत्ता एवढं झालं की संपलं. दादांनी दुसरा गुडघा टेकवला. पुन्हा थांबले. त्यांच्या मानेवरून घामाचे ओघळ चालले होते. ती काही बोलली नाही. मग ते हळूहळू पुढे झुकले आणि त्यांचं कपाळ गाळाला लागलं.

कस्तुराबाई हुंदके देऊन रडायला लागली, तिच्या लेखी आता पाऊस येणार होता. तिनं देवीची ओटी भरली आणि दादांच्याच कपाळाला कुंकू लावलं. दादांनी लावू दिलं.

"ने आता," शेषेराव म्हणाले. "देवी कुनाची का असंना, मानूस जाग्यावर आला."

काठावरून केरबाचा आवाज आला. तो ओरडत नव्हता. "टोपली आपुन दोघांनी उचलली व्हती रं, रामकिशन." मग त्यानं पाठ फिरवली, आणि त्याच्यामागोमाग बौद्धवाड्यातली सगळी माणसं निघून गेली. दादांनी नख धडप्यात गुंडाळलं आणि पंचशीलाच्या हातात दिलं.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. दादा खिडकीपाशी बसले. लातूर मागे पडल्यावर पंचशीलाच्यानं राहवेना. तिनं मांडीवर गाठोडं सोडलं, पदराचं टोक ओलं करून शेंदूर पुसायला घेतला. पितळेचा डोळा निघून आला तो तिनं बाजूला ठेवला. खालून काळंभोर हाड वर आलं. खोल चीर, आणि मागे सांध्याचा गोलावा, अगदी चित्रात होता तसा. कुठेही शंका नव्हती. दातांना त्यांचा पाय मिळाला होता, कुळ ठरलं होतं, ईश्वरप्पा सरांना सही करावीच लागणार होती. तिला इतका आनंद झाला की गाडीत उभं राहून ओरडावंसं वाटलं, आणि शेजारी बापाच्या कपाळावर कुंकू आणि गाळ अजून तसाच होता. तिला स्वतःची शिसारी आली. तरी आनंद जाईना.

"त्येच हाय का?" दादांनी बाहेर बघतच विचारलं.

"त्येच हाय, दादा."

"गेंडा न्हाई ना?"

"न्हाई."

"त्या कुळातलं आता कोनी उरलं न्हाई म्हणतीस?"

"एक बी न्हाई. सगळं कुळ गेलं."

"त्ये एक बरं झालं," दादा म्हणाले. "रामकिशन आपल्या म्होरं वाकला म्हणून सांगाया त्येंच्यात तरी कोनी न्हाई."

ते हसले. तीही हसायला गेली, पण तोवर ते पुन्हा खिडकीकडे वळले होते. बाहेर उघडी पडलेली रानं मागे चालली होती. काहीतरी बोलायला हवं होतं. पुसलेलं नख धडप्यात गुंडाळून तिनं पदराच्या ओल्या टोकानं त्यांचं कपाळ पुसलं. त्यांनी पुसू दिलं.

"दादा, तुमचे गुडघे लई दुखत असतील," ती म्हणाली. "किती सावकाश वाकलात तुमी."

"गुडघ्याला काय धाड भरली?" दादा म्हणाले. "तू नको म्हणशील म्हणून सावकाश वाकलो, बाई."